मेनिन्जिओमाची शंका आणि सीटी स्कॅन: या चुका टाळा

साध्या सीटीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण मेनिन्जिओमाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणं ही सर्वांत मोठी चूक ठरू शकते. मेंदूभोवतीच्या आवरणातून वाढणारी ही गाठ साध्या सीटीत अनेकदा मेंदूसारखीच करडी किंवा किंचित जास्त पांढरी दिसते. लहान असली, कवटीला चिकटून असली, तर नजरेतून सहज निसटते. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये गाठ उठून दिसावी म्हणून देतात ते औषध) दिल्यावर बहुतेक वेळा तीच गाठ ठळक, एकसारखी पांढरी उठून दिसते. म्हणून नव्याने फिट येणं, एका बाजूची ताकद कमी होणं, नजर अधू होत जाणं असं काही चालू असेल, तर कॉन्ट्रास्ट किंवा एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचाराच. डोक्याच्या मागच्या खालच्या भागात तर जाड हाडांमुळे सीटीचं चित्रच बिघडतं. तिथे एमआरआयच भरवशाचा.

आपल्या गोव्यात आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. सुंगटं (कोळंबी) किंवा कुर्ल्या (खेकडे) खाल्ल्या की अंगावर पित्त उठतं, म्हणून कॉन्ट्रास्ट नकोच! ही अ‍ॅलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. ती जरूर सांगा, पण तेवढ्यासाठी तपासणी नाकारू नका. पूर्वी कॉन्ट्रास्टचाच त्रास झाला असेल, दमा असेल किंवा किडनीचा विकार असेल, तर ते मात्र आधी सांगायलाच हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून डॉक्टर ठरवतील.

तपासणीच्या कागदावर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहून घेऊ नका. पूर्वी स्तनाचा किंवा दुसरा कर्करोग झाला असेल तर तोही लिहायला सांगा, कारण आवरणावर पसरलेला कर्करोग हुबेहूब मेनिन्जिओमासारखा दिसू शकतो. कॅल्शियम साठलेली गाठ कधी रक्तस्राव वाटते. जवळचं हाड जाड झालंय का, हे पाहिल्यावर उलगडा होतो. त्यासाठी पूर्ण प्रतिमा लागतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना सीडी आणि जुने स्कॅन बरोबर न्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पुरत नाही.

गाठ दिसली म्हणून लगेच ऑपरेशनच, असंही नाही. बहुतेक मेनिन्जिओमा सावकाश वाढतात. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवतात. तिची नेमकी ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे, हे मात्र काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच ठरते.