डागापासून डीएनए प्रोफाइलपर्यंत: नमुना उचलायचा कसा, आलेख वाचायचा कसा

डीएनए प्रोफाइल नीट आलं नाही की पहिला संशय यंत्रावर जातो. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या बराच आधी झालेला असतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद झालेला असतो, किंवा हातमोजे न बदलता दुसऱ्या डागाला हात लागलेला असतो. म्हणून इथे नमुना उचलणं आणि आलेख वाचणं या दोन टोकांवर जास्त भर आहे. मधल्या कामांची मापं किटच्या पुस्तिकेत असतातच.

ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात पहिला डीएनए फिंगरप्रिंट पाहिला. त्या काळच्या पद्धतींना भरपूर आणि न तुटलेला डीएनए लागायचा. आजच्या एसटीआर पद्धतीला (डीएनएत लागोपाठ येणारे छोटे सारखे तुकडे किती वेळा आलेत ते मोजणारी पद्धत) अर्धा ते १ नॅनोग्रॅम पुरतो. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे दीडशे पेशींत काम भागतं. पण मग नमुना घेणाऱ्याच्या शिंकेतल्या पेशीही तेवढ्याच सहज उमटतात. मास्क लावा, प्रत्येक डागासाठी नवे हातमोजे घाला, नमुन्यावर वाकून बोलू नका.

नमुना उचलताना

कपड्यावरचा डाग असेल तर शक्यतो पूर्ण कपडाच घ्या. फरशी, काच, दाराची मूठ अशा जागी वाळलेला डाग असेल तर दोन स्वॅब वापरा. पहिल्यावर निर्जंतुक पाण्याचे एक-दोन थेंबच टाका आणि तो डागावर हलका दाब देत फिरवा. सुटलेल्या पेशी दुसऱ्या, कोरड्या स्वॅबने टिपून घ्या. पाणी जास्त झालं तर डाग पसरतो आणि पेशी स्वॅबच्या आत खोल शिरतात, मग त्या काढता येत नाहीत. शेजारच्या, डाग नसलेल्या जागेचाही एक स्वॅब घ्या. त्या पृष्ठभागावर आधीपासून कुणाचा डीएनए होता का, हे त्यावरूनच कळतं.

स्वॅब सावलीत, साध्या हवेवर पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची विकरं डीएनएचे तुकडे करतात. पाकीट जिभेने ओलं करून चिकटवू नका. संबंधित व्यक्तीचं रक्त घ्यायचं तर ईडीटीएच्या (हे रक्त गोठू देत नाही) जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्या, कारण त्याच कामाचं दुसरं रसायन, हेपारिन, पीसीआरला म्हणजे डीएनएच्या प्रती बनवण्याच्या क्रियेला अडवतं. ऊतकांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. त्यात डीएनए तुटतो आणि प्रथिनांना चिकटून बसतो.

स्वॅबच्या पाकिटावर ‘निर्जंतुक’ लिहिलं म्हणजे तो डीएनएमुक्त आहे असं होत नाही. जर्मनीत अनेक गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडत होता. २००७ मध्ये हायलब्रॉन इथे एका महिला पोलिसाची हत्या झाली, तिथेही तोच. २००९ मध्ये उलगडा झाला: तो डीएनए स्वॅब बनवण्याच्या कामातल्या एका महिलेचा होता. जंतू मेले तरी डीएनए उरतोच. म्हणून आयएसओ १८३८५ प्रमाणे बनवलेले स्वॅबच मागवा आणि प्रत्येक लॉटमधला एक कोरा स्वॅब तपासून पाहा.

निष्कर्षण, मोजणी, पीसीआर

निष्कर्षण म्हणजे पेशींतून डीएनए बाहेर काढणं. साध्या डागाला चेलेक्स या रेझिनच्या कणांची पद्धत पुरते: ५ टक्के चेलेक्सच्या द्रावात ५६ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, मग उकळत्या पाण्यात ८ मिनिटं. माती लागलेल्या किंवा जीन्सच्या कापडावरच्या डागाला डीएनए पकडून ठेवणारे सिलिका-चुंबकीय कण बरे, कारण मातीतलं ह्युमिक आम्ल आणि जीन्समधली नीळ पीसीआर थांबवतात. वीर्य आणि योनीतल्या पेशी मिसळलेल्या असतील तर आधी सौम्य द्रावात स्त्रीच्या पेशी फोडून वेगळ्या करा. शुक्राणूंचं डोकं डायसल्फाइड बंधांमुळे त्यात टिकतं, मग ते बंध तोडणारं डीटीटी घालून ते फोडा.

मोजणी टाळू नका. रिअल-टाइम पीसीआरमध्ये (प्रती बनत असतानाच त्या मोजणारा पीसीआर) डीएनएचे लहान आणि मोठा असे दोन तुकडे मोजले जातात. लहान भरपूर आणि मोठा नगण्य असेल तर डीएनए तुटलेला आहे. अंतर्गत नियंत्रण, म्हणजे तपासणीसाठी मुद्दाम घातलेला ठरावीक डीएनए, उशिरा उमटलं तर अडथळा आणणारा पदार्थ आहे. अशा वेळी आणखी डीएनए घालू नका, कारण त्याबरोबर अडथळाही वाढतो. नमुना पातळ करा किंवा पुन्हा शुद्ध करा.

पीसीआरची २८ ते ३० आवर्तनं झाल्यावर ६० अंशांवरचा शेवटचा टप्पा पूर्ण वेळ होऊ द्या. प्रती बनवणारं विकर, पॉलिमरेज, प्रत्येक प्रतीच्या टोकाला ‘ए’ हा एक जादा बेस (डीएनएच्या साखळीतली एक कडी) लावतं. तो सगळ्या प्रतींना लागला नाही तर आलेखावरचं शिखर (एकाच लांबीच्या प्रतींचा उंचवटा) दुभंगतं आणि एका बेसने लहान असा खांदा दिसतो. टीएच०१ या लोकसवर (गुणसूत्रावरची तपासायची ठरावीक जागा) ९.३ आणि १० या अलीलांत (पुनरावृत्तींच्या संख्येने ओळखली जाणारी रूपं; ९.३ म्हणजे नऊ पुनरावृत्ती आणि वर तीन बेस) फरक एकाच बेसचा आहे, तिथे हा खांदा सरळ फसवतो.

आलेख वाचताना

सुरुवात निगेटिव्ह कंट्रोलपासून, म्हणजे डीएनए न घातलेल्या नळीपासून करा. त्यात शिखर असेल तर पुढचं वाचन थांबवा. मग अलील लॅडर (माहीत असलेल्या अलीलांची तुलनेची पट्टी) आणि साइज स्टँडर्ड (माहीत असलेल्या लांबीचे तुकडे) जागेवर आहेत का ते पाहा.

समजा एका लोकसवर १६ चं शिखर २००० आरएफयू (चकाकीवरून उंची मोजायचं एकक) उंच आहे आणि १५ चं १६०. हे ८ टक्के झालं. मुख्य शिखराच्या एक पुनरावृत्ती आधी दिसणारं असं छोटं शिखर म्हणजे स्टटर: प्रत बनताना साखळी घसरते आणि चार बेस गळतात. ते साधारणपणे १५ टक्क्यांच्या आत राहतं. आता १५ चं शिखर ७०० असेल तर ३५ टक्के झाले, स्टटर म्हणून ते सोडता येणार नाही. पण एकाच व्यक्तीच्या दोन अलीलांची (एक आईकडून, एक वडिलांकडून) शिखरं सहसा बरोबरीची असतात, लहान शिखर मोठ्याच्या ६० टक्क्यांहून खाली क्वचित जातं. म्हणजे इथे दुसऱ्या व्यक्तीची शंका घ्या आणि बाकीच्या लोकसवर तिसरं शिखर शोधा.

डीएनए ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली गेला की पंधराएक पेशींवरच भिस्त राहते. तेव्हा १४, १७ असलेल्या माणसाचं फक्त १७ उमटू शकतं. एकट्या बुटक्या शिखराला ‘१७, १७’ लिहिणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे, तिच्यामुळे खरा माणूस वगळला जातो. पीसीआर पुन्हा लावा, दोन्ही आलेख शेजारी ठेवा.

जुळणीचं वजन सांगताना लोकसंख्येत ते अलील किती आढळतात, त्या वारंवारता गुणतात. समजा १४ ची वारंवारता ०.१ आणि १७ ची ०.२, तर २ × ०.१ × ०.२ = ०.०४, म्हणजे पंचवीसात एक. वीस लोकस गुणले की आकडा अतिशय लहान होतो. तो ‘अनोळखी माणसाचं प्रोफाइल योगायोगाने जुळण्याची’ शक्यता सांगतो. ‘आरोपी निर्दोष असण्याची शक्यता’ असा त्याचा अर्थ अहवालात कधीही लिहू नका. नात्याच्या तपासणीत आणखी एक काळजी घ्या: व्हीडब्ल्यूए आणि डी१२एस३९१ हे दोन्ही लोकस १२ व्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत आणि पुष्कळदा एकत्रच वारशात येतात. ते स्वतंत्र धरून गुणता येत नाहीत. पितृत्वात एकाच लोकसवर मुलाकडे १६ आणि वडिलांकडे १५, १७ आले तर तेवढ्यावर पितृत्व नाकारू नका, ते एका पायरीचं उत्परिवर्तन असू शकतं.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर

हेच किट रुग्णालयात दात्याच्या पेशी किती रुजल्या ते मोजायला वापरतात. रुग्ण आणि दाता दोघांचे नमुने प्रत्यारोपणाआधीच घेऊन ठेवा. नंतर रुग्णाच्या गालाचा स्वॅब घेतला तर लाळेतून दात्याच्या पांढऱ्या पेशीही येतात, त्यापेक्षा नखं बरी. रुग्ण ११, १८ आणि दाता १४, १६ असेल असा लोकस निवडा. रुग्ण १५ आणि दाता १४ असा नको, स्टटर नेमकं दात्याच्या जागी पडतं. दात्याच्या शिखरांचं क्षेत्रफळ १७,२०० आणि रुग्णाच्या २,८०० भरलं तर दात्याच्या पेशी ८६ टक्के. असे तीन-चार लोकस काढून सरासरी घ्या. रुग्णाच्या पेशी १ ते ५ टक्क्यांच्या खाली गेल्या की ही पद्धत अपुरी पडते, तिथे रिअल-टाइम पीसीआर वापरा.

न्यायवैद्यक कामात संदर्भ-नमुना घेण्याआधी त्या व्यक्तीला प्रत्यारोपण किंवा नुकतंच रक्त दिलं गेलं आहे का ते विचारा आणि अर्जावर नोंदवा. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं रक्त दात्याचं प्रोफाइल दाखवतं, त्याच्या गालाचा स्वॅब मिश्र येतो आणि केसाचं मूळ त्याचं स्वतःचं.