10,00,001 मूळ संख्या आहे का? मोठ्या संख्या तपासताना या चुका टाळा

लातुरात संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या लेकरांना अंकगणित शिकवतो. फळ्यावर 10,00,001 लिहिलं की दोन मिनिटांत हात वर होतात, "सर, मूळ संख्या!" का, तर 2 पासून 13 पर्यंत कशानंच भाग जात नाही.

उदगीरकडच्या एका मुलीनं तर 97 पर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी भागून पाहिलं. वहीची दोन पानं भरली, सगळीकडं बाकी उरली, म्हणून तिनं वही मिटली. पुढचीच मूळ संख्या होती 101, आणि 101 × 9901 = 10,00,001.

मेहनतीत खोट नव्हती, थांबायचं कुठं हे ठरलेलं नव्हतं. आधी वर्गमूळ काढा; संख्या मूळ नसेल तर तिथपर्यंत एखादी मूळ संख्या तिला भागतेच. इथं ते 1000 च्या किंचित वर आहे, म्हणजे 1000 च्या आतल्या 168 मूळ संख्या संपल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मात्र तिची दोन पानं वाया गेली नाहीत. 9901 चं वर्गमूळ 100 च्या आत येतं. 97 पर्यंतच्या कुठल्याही संख्येनं 9901 ला भाग गेला असता, तर 10,00,001 लाही गेलाच असता. तेव्हा 9901 मूळ आहे, हे तिनं आधीच सिद्ध करून ठेवलं होतं! हे तिला दाखवलं तेव्हा तिनं ती पानं पुन्हा उघडून बघितली.

विभाजक मोजताना दुसरी गफलत होते. 7,20,720 चे अवयव कुणी 4² × 9 × 5 × 7 × 11 × 13 असे मांडतं आणि घातांकांत एकेक मिळवून, त्यांचा गुणाकार करून 96 विभाजक काढतं. पण 4 आणि 9 मूळ नाहीत. 2⁴ × 3² × 5 × 7 × 11 × 13 असं लिहा, मग 5 × 3 × 2 × 2 × 2 × 2 = 240.

4 नं आणि 6 नं भाग गेला म्हणून 24 नं जाईलच असं नाही. 10,00,020 करून बघा. 3 आणि 8 ची कसोटी लावा.

नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून गुणाकार तपासायची रीत, आपल्याकडं घरोघरी शिकवतात, पण अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही. 101 × 9901 चा गुणाकार चुकून 10,00,010 लिहिला तरी ताळा जुळतो. म्हणून सोबत 11 चाही घ्या: उजवीकडून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा. 9901 चा येतो 1, 101 चा 2, गुणाकार 2. 10,00,001 चाही 2 येतो. 10,00,010 चा 0. चूक तिथंच सापडते.

एक्सेलवर तपासत असाल तर जपून. ते 15 अंकांपर्यंतच नेमकं धरतं, पुढच्या अंकांची शून्यं करतं. 12345678901234567 टाकलं की शेवटी 500 दिसेल. अशा संख्येसाठी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा आणि भागाकाराऐवजी % नं बाकी काढा.