सोलापूर ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची

लेक न्यूयॉर्कला गेल्यापासून आमच्या साखर पेठेत कुणी अमेरिकेला निघालं की मला विचारतात, "काकू, किती तास लागतील हो?" मी आधी पृथ्वीगोल आणि चादरीच्या सुताचा तुकडा काढते.

भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका. गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कवर बोटं ठेवून सूत घट्ट ताणा. ते आपसूक उत्तरेला सरकतं, रशियावरून, आइसलँडजवळून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी. सगळ्यात जवळची वाट हीच. माझ्या गोलावर ते भरतं साडेएकोणतीस सेंटिमीटर आणि विषुववृत्ताचा वेढा ९४. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. २९.५ ला ९४ ने भागून ४०,००० ने गुणलं, की आले साडेबारा हजार किलोमीटर.

मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० च्या आसपास जातं. म्हणजे चौदा तास. त्यात चढणं-उतरणं आणि समोरून येणारा वारा धरा. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसाही पडतो. थेट विमानाला सोळा तास धरून चाला. येताना तोच पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून तास-दीड तास वाचतो.

आता घड्याळ. न्यूयॉर्क आपल्या मागे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, या दोन दिवशी तिथली घड्याळं बदलतात. जानेवारीत मुंबईहून पहाटे दोनला सुटलात तर सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात, तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसात.

तारखेला मात्र फार जपा. पहिल्या वेळी आमच्या तिकिटावर १५ तारीख, पहाटे दोन असं होतं आणि हे १५ च्या सकाळची गाडी धरायचं म्हणत होते. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "अहो, पहाटे दोन म्हणजे १४ चीच रात्र ना?" त्यांनी विचारलं नसतं तर विमान गेलंच होतं. तेव्हापासून मी तिकिटाच्या तारखेतून एक दिवस वजा करून घरातून निघायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते.

सोलापूर-मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटर. वंदे भारतने सहा-साडेसहा तास, सकाळी सहाच्या सुमारास निघते. दुपारी दादरला उतरून नातेवाइकांकडे पाठ टेकवा, विमानतळावर रात्री अकराच्या आत पोहोचा. रात्रीची सिद्धेश्वर पकडली तर एक दिवस आधी निघा. गाडीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असू द्या, ती दिवसभर टिकते.

१४ ला पहाटे साडेपाचला घर सोडलं तर न्यूयॉर्कला उतरेपर्यंत साडेछत्तीस तास होतात. लेकीला मात्र "१५ ला सकाळी साडेसात, तुझ्या घड्याळाने" एवढंच कळवा.