सुपरचार्जर बसवलेली जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना: सोलापूरकरांसाठी तपासणीची पद्धत

फोर्डची मस्टँग जीटी भारतात आली २०१६ मध्ये, निसानची ३७०झेड त्याच्याही आधी. आता या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून विकायला येतात, आणि एखादीच्या बॉनेटखाली कंपनीने न दिलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, निघतो. सोलापुरात बसून अशी गाडी शोधणारा बहुधा पुण्याकडे नाहीतर हैदराबादकडे बघतो. गाडी देखणी असते, आवाज छातीत घुमतो. पण जास्तीचे पैसे तुम्ही मोजता ते कुणाच्या तरी गॅरेजातल्या कामाचे. इंजिन बनवताना कंपनीने हा जादा दाब धरलेला नव्हता. तो झेपतोय की नाही, हे किट बसवणाऱ्याच्या हातावर आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मॅपवर, म्हणजे त्यातल्या इंधन-ठिणगीच्या सेटिंगवर ठरतं.

फोनवरच अर्धी चाळणी करा

किट कोणत्या कंपनीचं, कुणी बसवलं, बिलं आहेत का, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) किती पीएसआय, मॅप कुणी केला, इंजेक्टर आणि फ्युएल पंप मोठे घातले का, हे विचारा. पुली किटसोबतचीच आहे की नंतर बदलली, हेही विचारा. सुपरचार्जर बेल्टने क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) फिरतो. त्याच्यावरची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो आणि बूस्ट वाढतो. काम सोपं असल्यामुळे हौशी लोक पुली बदलतात आणि मॅप तसाच ठेवतात. त्या मस्टँगचं आणि ३७०झेडचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) मुळातच ११:१, म्हणजे चुकीला जागा कमी. बूस्ट ६-७ पीएसआयच्या वर सांगितला, तर पिस्टन आणि रॉड मूळचेच आहेत का ते विचारा.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: काढलेले मूळ पार्ट कुठे आहेत? ज्याने जुना मॅनिफोल्ड, इंजेक्टर, एअर फिल्टरचा डबा नीट बांधून ठेवलाय, त्याने बाकीचं कामही बहुधा जबाबदारीने केलेलं असतं. शिवाय उद्या किट उतरवायची वेळ आलीच तर तेच पार्ट लागणार. "आधीच्या मालकाने केलंय, मला काही माहीत नाही" असं उत्तर आलं, तर पेट्रोल जाळून बघायला जाऊ नका.

कागद

महाराष्ट्रातली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलतं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. हैदराबादची गाडी तीनशे किलोमीटरवर स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणून इथे एमएच-१३ नंबर घ्यायचा म्हणजे महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. महागड्या गाडीवर तो आकडा किरकोळ नसतो. आधी आरटीओत हिशोब करून घ्या, मग भावाचं बोला.

मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बदल केलेल्या गाड्यांच्या बाजूचा नाही. विम्याचंही तसंच: किटची नोंद पॉलिसीवर नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. विकणारा "काही होत नाही हो" म्हणणारच. पॉलिसी स्वतः वाचा.

थंड इंजिनावर पोचा

मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागला तर का तापवून ठेवली ते विचारा. बेल्ट सगळ्या पुलींवर सरळ रेषेत बसलाय का, कडेने झिजलाय का, ते बघा. टेपने गुंडाळलेल्या वायरी आणि ढिले क्लिप दिसले तर बाकीच्या कामाचाही अंदाज येतो. काही किटमध्ये सुपरचार्जरचं ऑइल वेगळं असतं, काहींमध्ये ते इंजिनातून येतं आणि परतीसाठी इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला भोक पाडलेलं असतं. तिथली गळती खाली वाकून, टॉर्च मारून बघा.

मग ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. प्लग काढलेच आहेत तर ते नीट बघा: पांढऱ्याफटक टोकावर बारीक चकाकते कण दिसले, तर नॉकिंगने (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) पिस्टन खाल्ला गेला असण्याची शक्यता आहे. मालक टेस्ट करू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.

चालवायची ती भर दुपारी

सोलापूरच्या ग्राहकाने इथे जास्त वेळ द्यावा. हवा दाबली की ती तापते. एप्रिल-मेमध्ये इथे बाहेर ४२ अंश असतं. ७ पीएसआय बूस्टवर दाबलेली हवा आदर्श गणितानेही ८० अंशांपर्यंत जाते, प्रत्यक्षात इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी शंभरीच्या आसपास पोचते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत मॅप केलेली गाडी तिथे झकास पळेल आणि आपल्या उन्हात नॉक करेल. म्हणून सकाळच्या गारव्यात दिलेली टेस्ट ड्राइव्ह मोजू नका.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, अर्धा तास गर्दीतून थांबत-थांबत फिरवा. (पुण्यात त्यासाठी वेगळी सोय लागत नाही.) मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून एकदा पूर्ण पेडल दाबा, वेगमर्यादा मोडायची गरज नाही. डब्यात छर्रे हलवल्यासारखा आवाज आला तर लगेच पाय काढा. क्लच घसरतोय का, हवेचं तापमान किती चढतं, इग्निशन टायमिंग किती मागे येतं, ते स्क्रीनवर बघा. एक मेख आहे: तापमानाचा सेन्सर सुपरचार्जरच्या आधी बसवलेला असेल, तर तो आकडा फसवा असतो. पेट्रोल कोणतं भरून मॅप केलाय तेही विचारा. १०० ऑक्टेनवर केलेला मॅप मोहोळच्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालवायचा नसतो.

भाव

"किटलाच लाखो घातलेत" हे वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या. मी तरी त्याच मॉडेलच्या मूळ अवस्थेतल्या गाडीपेक्षा वर जाणार नाही, आणि नवा मॅप, क्लच, बेल्ट-टेन्शनर यांचे पैसे त्यातूनच वजा करेन. सोलापुरात डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) मिळेल या भरवशावर राहू नका. ट्यूनिंगसाठी पुण्याच्या फेऱ्या धरूनच हिशोब करा.

सौदा झाला की गाडी नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा बदलायचा अर्ज १४ दिवसांत द्या, विम्याच्या अर्जात सुपरचार्जरचा उल्लेख लेखी करा. इंजिन ऑइल पहिल्याच आठवड्यात बदला आणि मिस्त्रीला जुना ऑइल फिल्टर कापून दाखवायला सांगा. आत धातूचा चुरा दिसला, तर गाडी जास्त न चालवता आधी इंजिन उघडून घ्या.