चिप्पीसारखं बॅटर्ड सॉसेज: पीठ सुटतं ते का, आणि काय करायचं

ब्रिटनमध्ये फिश अँड चिप्सच्या (तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडी) दुकानाला सगळे चिप्पी म्हणतात. आमच्या घरात मासा न खाणारा एकच, धाकटा. त्याच्यासाठी दर वेळी बॅटर्ड सॉसेज यायचं, म्हणजे मैद्याच्या पिठात बुडवून तळलेलं सॉसेज. स्कॉटलंडात ‘सॉसेज सपर’ मागितलंत तर सोबत चिप्स येतात; नुसतं सॉसेज हवं असेल तर ‘सिंगल’ म्हणायचं. मी हे घरी करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं वाया गेली, कारण जो तो सांगायचा, “पिठात बुडवा आणि तळा.”

आठ जाड पोर्क सॉसेज घ्या. महागडी, हर्ब घातलेली नकोत. ब्रिटनमध्ये ‘पोर्क सॉसेज’ म्हणून विकायला किमान 42 टक्के डुकराचं मांस लागतं, बाकी रस्क (भाजलेल्या पिठाचा कोरडा चुरा), पाणी, मसाला. चिप्पीची ती मऊ, गुळगुळीत चव रस्कवाल्या साध्या सॉसेजचीच.

सॉसेज आधी शिजवून घ्यायची. कच्ची तळली तर बाहेरून करपतात, आतून गुलाबी राहतात. पाणी उकळू न देता, नुसतं थरथरतं ठेवून पंधरा-वीस मिनिटं. टोचायची नाहीत.

आता खरी गोम. एकदा मी पाण्यातून काढलेली गरम सॉसेज तशीच पिठात घातली. तेलात सोडली आणि पिठाचा अख्खा मोजा उतरून कढईत वेगळा तरंगायला लागला. सॉसेज उघडंबोडकं तळाशी. पाहुणे बाहेर बसलेले! मी पीठ घट्ट केलं, अंडं घातलं, कोणीतरी सांगितलं म्हणून बेसनही घातलं. (बेसन घातलं की ते भजं होतं. भजं छानच, पण मग सॉसेज कशाला?) दोष पिठाचा नव्हताच. शिजलेल्या सॉसेजच्या सालीवर चरबीचा आणि पाण्याचा बुळबुळीत थर असतो, त्यावर काही टिकत नाही. शिवाय सॉसेज गरम असेल तर आतून वाफ येते आणि पीठ ढकलून देते.

म्हणून सॉसेज पूर्ण गार होऊ द्या, किचन पेपरने कोरडी पुसा आणि न झाकता तासभर फ्रीजमध्ये ठेवा. साल हाताला कागदासारखी लागली पाहिजे. मग कोरड्या मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटका. हा तास वाचवायचा असेल तर चिप्पीतूनच आणा, मी तुमच्याशी भांडणार नाही.

पीठ: 150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चमचाभर बेकिंग पावडर, मीठ. त्यात फ्रीजमधली थंडगार बिअर किंवा सोडावॉटर, साधारण 250 मिली, थोडं हातचं राखून. बटाटेवड्याच्या पिठापेक्षा पातळ, घावनाच्या पिठापेक्षा घट्ट. बोट बुडवलं की नख दिसेनासं झालं पाहिजे. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, फेटत बसलात तर बुडबुडे जातात. हे अगदी तळायच्या वेळीच भिजवा.

तेल 180 अंशांवर, कढई निम्मीच भरलेली. इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशायरकडे, बऱ्याच चिप्पींत गाईची चरबी वापरतात. घरी सूर्यफुलाचं तेल पुरे. चिमटा नको, त्याने पीठ फाटतं. तळणीची जाळीही नको, पीठ तिला चिकटतं. सॉसेज एका टोकाला धरून बुडवा, निथळू द्या, तीन-चतुर्थांश तेलात उतरवा आणि पाच-सहा सेकंद हलवत धरून ठेवा, मग आपल्यापासून दूर सोडा. बोटांनी धरलेलं टोक उघडं राहतं. सोडायच्या आधी त्यावर पिठाचा एक थेंब टेकवा. एका वेळी दोनच. चार-पाच मिनिटांत सोनेरी.

वर मीठ आणि माल्ट व्हिनेगर, लगेच. उरलं तर मायक्रोवेव्हमध्ये नाही, ओव्हनमध्ये 200 अंशांवर दहा मिनिटं. पण आमच्याकडे उरल्याचं मला आठवत नाही.