उद्योजकाचा पिंड मोजताय? या चुका टाळा

कोल्हापुरात प्रोजेक्टसाठी उद्योजकतेची प्रश्नावली वाटायची म्हटलं की वर्कशॉपांच्या उद्यमनगरातली घरं असलेली पोरं हमखास सापडतात. पहिली फसगत इथेच. ज्याच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे, तो ‘मला धंदाच करायचाय’ लिहिणारच. तो घरचा बेत झाला, स्वभाव नव्हे. घरचा धंदा काय, हे वेगळं विचारा आणि दोन्ही गटांचे आकडे वेगळे लावा.

सगळ्यात मोठा घोळ इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरात होतो. ‘मला धोका पत्करायला आवडतो’ वाचलं की पोरांच्या डोळ्यांपुढे गगनबावड्याच्या घाटातली बाइक येते. ‘लई आवडतो’ म्हणत पाचपैकी पाचावर टिक! तुम्हाला हवी असते हिशेबी जोखीम. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या रिंगफेकीच्या प्रयोगात संपादन-प्रेरणा (काही करून दाखवायची ओढ) जास्त असलेली माणसं खुंटीला चिकटून उभी राहत नाहीत आणि फार लांबही जात नाहीत. जमेल, पण कस लागेल, एवढंच अंतर ठेवतात. म्हणून विधानात प्रसंग घाला: ‘पहिल्या वर्षी नफ्याची खात्री नसली तरी साठवलेले पैसे मी धंद्यात घालीन.’ मग दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करवून मूळ विधानाशी ताडून बघा.

‘मी मेहनती आणि कल्पक आहे’ ही दोन विधानं आहेत. तोडा.

क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात, याचा आकडा) ०.७० च्या खाली आला तर लगेच विधानं उडवू नका. आधी उलट्या विधानांचे, म्हणजे ज्यांना ‘सहमत’ म्हटलं की गुण कमी व्हायला हवेत त्यांचे, गुण फिरवलेत का बघा. पाचाच्या मापनश्रेणीत मिळालेला गुण सहातून वजा करायचा. (हे विसरून मी दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.) तरीही खालीच असेल, तर ‘नाही’वाली विधानं तपासा. ‘मी डगमगत नाही’ला ‘असहमत’ म्हणजे नक्की काय, हे शिकवणाऱ्यालाही चटकन उमगत नाही. अल्फा ०.९५ आला तर पेढे वाटू नका, बहुधा एकच गोष्ट दहादा विचारली गेलीय.

सर समोर उभे, फॉर्मवर हजेरी क्रमांक, मग सगळा वर्ग जिद्दी निघतो. नाव-क्रमांक काढा.

जोखीम, कल्पकता, स्वयंक्षमता (‘मला जमेल’ हा विश्वास), ताण सोसणं यांची एकच बेरीज करू नका. कल्पक पण ताणाला खचणारा आणि चिवट पण चाकोरीतला, दोघं सारखेच दिसतील.

आणि याच आकड्यांवर बीजभांडवलाला पोरं निवडणार असाल, तर पुढच्या बॅचला उत्तरं पाठ असतील.