पेशीतलं क्लोराइड न ढवळता गाबाची दिशा कशी मोजायची

गाबा हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन चेतापेशीला थोपवणार की उचकवणार, हे तिच्या आतल्या क्लोराइडवर ठरतं. बाहेर १३० मिलिमोलर आणि आत ७ असेल, तर ३७ अंश सेल्सिअसला क्लोराइडचा समतोल विभव (ज्या विभवाला क्लोराइडची आत-बाहेर ये-जा सारखी होते तो) उणे ७८ मिलिव्होल्टला येतो; आत २५ झालं की थेट उणे ४४. इथे साधी होल-सेल नोंद, म्हणजे काचेच्या पिपेटखालचा पडदा फाडून केलेलं विद्युत मोजमाप, चालत नाही. पिपेटमधलं द्रावण पेशीत उतरतं आणि आपण आपणच भरलेलं क्लोराइड मोजत बसतो.

म्हणून पडदा न फाडता त्यात बारीक छिद्रं पाडणारं ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक घ्या. त्याच्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड नाही. डीएमएसओ या द्रावकात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असा साठा करा. पिपेटच्या द्रावणात मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम पुरे, पण रोज ताजं. टोक ग्रॅमिसिडिनविना भरा, नाहीतर सील, म्हणजे पिपेट आणि पडद्याची घट्ट पकड, धरत नाही. द्रावणात क्लोराइड मुद्दाम भरपूर ठेवा: पडदा फाटला की रिव्हर्सल (गाबाचा प्रवाह दिशा पालटतो तो विभव) शून्याकडे उडी मारतो आणि चूक लगेच उघडी पडते. सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेट आणि पेशीमधला विद्युत अडथळा, उतरायला २० ते ४० मिनिटं लागतात, तेवढा धीर धराच.

टीटीएक्स (स्पाइक, म्हणजे पेशीचे विद्युत ठोके, बंद करणारं विष) आणि गाबा-बी या गाबाच्या दुसऱ्या ग्राहीचा ब्लॉकर घालून उणे १०० ते उणे ४० मिलिव्होल्टपर्यंत १०-१० च्या पायऱ्यांनी जा. प्रत्येक पायरीवर गाबाचा अगदी छोटा पफ (फवारा), मग किमान अर्धा मिनिट विश्रांती. लांब पफने क्लोराइडच सरकतं. पायऱ्या चढताना आणि उतरताना आकडे जुळले नाहीत, तर हेच झालंय असं धरा.

सिरीज रेझिस्टन्सची दुरुस्ती बरेच जण विसरतात. ४० मेगाओम आणि १०० पिकोअँपिअर म्हणजे ४ मिलिव्होल्टची चूक. रिव्हर्सलला गाबाचा प्रवाह शून्य असला तरी लीक, म्हणजे पडद्यातून सतत गळणारा प्रवाह, वाहतच असतो. हिशेबात एकूण प्रवाह घ्या. शिवाय गाबाने उघडणाऱ्या गाबा-ए वाहिनीतून थोडं बायकार्बोनेटही जातं, त्यामुळे मिळालेला आकडा क्लोराइडच्या समतोलापेक्षा जरा वरच असतो.

मग १० मायक्रोमोलर ब्युमेटॅनाइड द्या; ते एनकेसीसी१ हा क्लोराइड वाहून नेणारा पंपासारखा प्रथिन अडवतं. रिव्हर्सल खाली घसरला, तर एनकेसीसी१ क्लोराइड आत ओढत होता. केसीसी२ हा दुसरा वाहक अडवल्यावर रिव्हर्सल वर चढला, तर केसीसी२ क्लोराइड बाहेर काढत होता.

रिव्हर्सल विश्रांती विभवाच्या (शांत पेशीच्या विभवाच्या) वर गेला म्हणून गाबाला लगेच उत्तेजक म्हणू नका. वाहिन्या उघड्या असेपर्यंत त्या इतर इनपुट गळवून टाकतात; त्या मिटल्यावर उरलेल्या चढाने स्पाइक सुटू शकतो. मेंदूच्या गॅमा लयीत, म्हणजे ३० ते ८० हर्ट्‌झमध्ये, पेशी अवरोध ओसरल्यावरच पेटतात, त्यामुळे त्या क्षणात थोडा फरक पडला तरी लय विस्कटते. सेल-अटॅच्ड नोंदीत, म्हणजे पिपेट पेशीला नुसती चिकटवून घेतलेल्या नोंदीत, स्पाइक लयीच्या कोणत्या फेजला (टप्प्याला) पडतात ते पाहा. मॉडेल करत असाल, तर क्लोराइड स्थिर धरू नका: गाबा सोडणारे इंटरन्यूरॉन जोरात फायर झाले की ते पेशीत साचतं.